दोनावरची टाळी

टाळ्या मिळाल्या की संतापणारा कलावंत मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या मावशीचा नवरा होता. इतर वाजवणारे टाळीसाठी जीव टाकतात. आमचे मावसा टाळी पडली की वाजवणं थांबवत, वाद्य तोंडातून काढून मांडीवर आडवं ठेवत, आणि ज्याने टाळी वाजवली त्याच्याकडे असं पाहत की त्याने देवापुढचा नैवेद्य उष्टा केला असावा. संस्थानं विलीन झाली त्यात देशाचं काय काय भलं झालं ते जाणकारांनी सांगावं. बुऱ्हाणपूरला त्यातून माझे मावसा मिळाले. आमच्या गल्लीला हा व्यवहार फायद्याचा वाटला असं मात्र मी म्हणणार नाही.

मावसा माळव्यातल्या एका छोट्या संस्थानच्या बँडमध्ये होते. संस्थान एवढंसं, की मावशीच्या म्हणण्याप्रमाणे सकाळी सायकलवर निघालेला माणूस जेवणाच्या वेळेआधी सरहद्दीबाहेर पडे. पण राजेसाहेबांना पाहुण्यांपुढे मिरवायची हौस, म्हणून अकरा माणसांचा बँड पदरी ठेवलेला. बँडमास्तर गोव्याचा. त्याने ह्या अकरा जणांना, ज्यांच्यातले निम्मे सनईवाल्यांचे आणि ताशेवाल्यांचे मुलगे, जॅझ शिकवलं. मावसांच्या वाट्याला सॅक्सोफोन आला. तो त्यांनी बारा वर्षं वाजवला, पण ऐकायला कोण, तर हातात पेला धरून एकमेकांशी बोलत बसलेले म्हातारे पाहुणे. विलीनीकरण झालं त्याच आठवड्यात बँड शेवटचा बसला. बँडमास्तरने स्वतः बांधलेली एक चाल होती, सातआठ मिनिटांची. ती निम्म्यावर आली आणि नवे अधिकारी दरबारच्या सामानाची यादी करायला दारात उभे राहिले. सगळ्यांनी वाद्यं खाली ठेवली. राजेसाहेब म्हणाले, ज्याचं वाद्य त्याने घेऊन जावं. बँडमास्तर गोव्याला गेला, ट्रम्पेटवाला लग्नाच्या बँडमध्ये शिरला, ड्रमवाल्याने सायकलचं दुकान काढलं. चाल राहिली ती राहिलीच.

मावसांना ती चाल एकदा शेवटपर्यंत वाजवायची होती. बस, एवढंच. पण घरात भिंतीकडे तोंड करून नाही. तरुण पोरापोरींसमोर, समोरासमोर बसवून. ह्यामागे त्यांचा एक विचार होता आणि तो ते कोणालाही, अगदी दूधवाल्यालाही, ऐकवत. "राजवाडा सरकारजमा झाला, मोटारी सरकारजमा झाल्या, एक म्हातारा हत्ती होता तोही झाला. बाजा तेवढा माझ्याकडे राहिला. तो लोकांना नको द्यायला?" दूधवाला म्हणे, "द्या ना साहेब, कोण नाही म्हणू राहिलं," आणि पुढच्या दाराकडे सटके.

माझ्या वडिलांनी शब्द टाकून मावसांना गावातल्या एका वाचनालयात कारकुनाची जागा मिळवून दिली, आणि आमच्याच सिंधीपुऱ्यातल्या घराच्या माडीवरच्या दोन खोल्या त्यांना दिल्या. पैकी वाचनालयाचा निर्णय वडिलांनी नीट विचार करून घेतला नसावा. 'शांतता राखा' अशी पाटी जिच्या डोक्यावर टांगलेली आहे त्या खुर्चीत त्यांनी एका सॅक्सोफोनवाल्याला नेऊन बसवलं. मावसा दिवसभर पुस्तकांच्या नोंदवहीवर बोटं वाजवत. आपण वाजवतो आहोत हे त्यांच्या गावीही नसे. नेपानगरच्या कागदाच्या गिरणीत भरती निघाली का ते पाहायला गावातली तरणी पोरं रोज तिथे वर्तमानपत्रावर तुटून पडत. बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात राहणार की महाराष्ट्रात जाणार ह्यावर मोठी माणसं दुसऱ्या टेबलावर कुजबुजत्या आवाजात भांडत. आणि ह्या सगळ्याच्या मधोमध नोंदवहीवरून टक्-टका-टक् असा आवाज येई. एकदा एका पोराने विचारलं, "साहेब, हे काय वाजवू राहिले तुम्ही?" एवढं पुरे झालं. मावसांनी त्याला समोर बसवून पाऊण तास जॅझ समजावून सांगितलं, आणि त्या पाऊण तासात भरतीची जाहिरात दुसऱ्या कोणीतरी फाडून नेली.

वाद्याचे लाड विचारू नका. सॅक्सोफोनला स्वतःची गादी होती, उशी होती, आणि मावशीच्या लग्नातल्या महेश्वरी लुगड्याचं पांघरूण होतं. मावशीला ह्याबद्दल काय वाटायचं, असं मी मोठी झाल्यावर विचारलं तर ती म्हणाली, "सवत आहे, पण मुकी आहे. वाजवली तरच बोलते." सॅक्सोफोनच्या तोंडाशी वेताची एक पातळ पट्टी बसवावी लागते, तिच्या थरथरण्यातून सूर निघतो. त्या पट्ट्या परदेशातून येत. संस्थान गेलं आणि पट्ट्याही गेल्या. मावसांनी वर्षभर तापीच्या काठाने हिंडून नाना तऱ्हेचे बोरू कापून आणले, वाळवले, दाढीच्या पात्याने तासले, आणि शेवटी शाळेच्या लेखणीचा बोरू अन् सॅक्सोफोनची पट्टी ही चुलत भावंडं आहेत असा शोध लावला. पट्टी वाजवण्यापूर्वी ओली करून मऊ करावी लागे, म्हणून सकाळी उठल्यापासून ती त्यांच्या तोंडात असे. त्या वेळात ते जे बोलत ते फक्त मावशीला समजे. "चहा पुरे म्हणतात," "तुझ्या बाबांना वर बोलावलंय," असा ती तर्जुमा करून सांगे. कधीकधी ती स्वतःच्या मनचंही सांगत असावी, कारण "संध्याकाळी मला राजघाटावर फिरायला नेईन म्हणतात" हे ऐकून मावसांचे डोळे मोठे झालेले मी पाहिले आहेत.

आणि दात. ह्या वाद्याचा भार वरच्या पुढच्या दोन दातांवर असतो. मावसांचे नेमके तेच दोन दात हलू लागले होते. त्यामुळे जेवायला बसलेले मावसा हा एक प्रकारच होता. भाकरीचा पापुद्रा, पेरू, ऊस, भुट्टा ह्या गोष्टी त्यांनी वर्ज्य केल्या होत्या. पोळीसुद्धा ते दाढेकडून, तिरकी, चोरट्यासारखी आत घेत. केळी तेवढी बिनधोक, आणि केळ्यांना आमच्या गावात तोटा नाही. बाभळीच्या काडीने दिवसातून तीनदा हिरड्या चोळत. दात काढणारा एक डॉक्टर शनवारा वेशीजवळ बसे. त्याने दात हलवून पाहिले आणि म्हणाला, "काढावे लागतील." मावसांनी विचारलं, "किती दिवसांनी?" डॉक्टर म्हणाला, "तुम्हाला दुखू लागलं की." "मला दुखत नाही," मावसा म्हणाले, आणि गाल धरून घरी आले. दात आहेत तोवर चाल संपवायची, हे तेव्हापासून घरातल्या सगळ्यांना माहीत झालं.

आता टाळीचं सांगते. मावसांच्या मते जॅझ प्रत्यक्ष समोर बसूनच ऐकायचं असतं. ग्रामोफोनची तबकडी त्यांना चालत नसे. "तबकडीला घाम येतो का?" असं ते विचारत. दर रविवारी सकाळी आठ वाजता माडीवर बैठक भरे. श्रोते म्हणजे मी, माझा धाकटा भाऊ, आणि गल्लीतली दहाबारा पोरंपोरी. आम्ही कशासाठी येत होतो ते खरं सांगायला आता हरकत नाही. चाल संपल्यावर मावशी प्रत्येकाला एकेक मावा जिलबी देणार, असं जाहीर झालेलं होतं. बँड अकरांचा, उरला एक. म्हणून बाकीच्या दहांचं काम श्रोत्यांनी करायचं, असा मावसांचा नियम होता. निदान ड्रमवाल्याचं तरी. "माझा ड्रमवाला पंक्चर काढतो आहे. आता ड्रमवाले तुम्ही. पाय आपटा एकावर, टाळी वाजवा दोनावर. एक, दोन. एक, दोन. टाळी कशावर?"

"दोनावर!" आम्ही ओरडत असू.

मावसा डोळे मिटत, गाल फुगवत, आणि सूर लावत. तो सूर मला अजून सांगता येत नाही. जाडाभरडा, किंचित सर्दी झालेल्या माणसाच्या आवाजासारखा, पण तो लागला की मांडी घालून बसवत नसे. आणि मग आम्ही सगळे मिळून टाळी वाजवत असू, एकावर.

ह्यात आमचा दोष नव्हता. आम्ही आरत्यांवर, भजनांवर आणि रामजन्माच्या पाळण्यावर वाढलेली पोरं. टाळी एकावर पडते हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. आईच्या मांडीवर असतानाच ते हातात बसलं होतं. पहिल्या दोनचार टाळ्या आम्ही जीव मुठीत धरून दोनावर मारत असू, आणि मग सूर रंगला की हात आपोआप घरी परत येत. मावसा थांबत. वाद्य मांडीवर. "पुन्हा." माझा भाऊ एकदा न राहवून म्हणाला, "मावसा, एकावर नाही मारली तं गाणं पडून नाही जाईल का?" त्यावर मावसांनी वाद्याची पट्टी पुसली. मग म्हणाले, "पडू दे की. पडतंय पडतंय असं वाटतं आणि पडत नाही, ह्यालाच जॅझ म्हणतात." हे वाक्य मला फार आवडलं, पण त्याने हात सुधारले नाहीत. मावसांनी आमच्या उजव्या मनगटांना दोऱ्या बांधून त्या स्वतःच्या पायाच्या अंगठ्याला बांधून पाहिल्या. आम्हाला दोन रांगांत बसवून एका रांगेला नुसते पाय आणि दुसरीला नुसते हात देऊन पाहिलं. तेव्हा हातांच्या रांगेने पायांच्या रांगेकडे पाहून मुकाट्याने एकावर टाळी धरली. तीन वर्षांत ती चाल निम्म्याच्या पुढे गेली नाही. पहिलं निम्मं मात्र आम्ही इतक्यांदा ऐकलं, की झोपेत म्हणू शकलो असतो. जिलबी मावशी जिन्यात गुपचूप वाटून टाकी.

एक गोष्ट सांगायची राहिली. बैठक सुरू होण्याआधी मावसा पश्चिमेची खिडकी लावून घेत. मागच्या बोळात विणकरांची घरं होती, आणि त्यांचे माग रविवारीही चालू असत. त्यांची सुट्टी शुक्रवारची. "त्या खटखटीत काय ऐकू येणार?" म्हणून खिडकी बंद, वर फटीत कापडाचे बोळे. वैशाखातसुद्धा. आम्ही घामाने न्हात असू.

मावसांचे दात जास्तच हलायला लागले त्या वर्षी वाचनालयाच्या वार्षिक समारंभात त्यांना अर्धा तास मिळाला. कार्यक्रमपत्रिकेवर 'तरुणांसाठी पाश्चात्य वाद्यवादन' असं छापलं होतं. त्यांनी संस्थानचा काळा कोट बाहेर काढला. त्याच्या पितळी बटणांवर राजचिन्ह होतं. आता ते लावून मिरवणं बरं दिसणार नाही म्हणून मावशीने आठही बटणांवर काळं कापड शिवून दिलं. दुपारी चार वाजता सभागृह गच्च भरलं. कॉलेजची पोरं, नेपानगरहून आलेले दोन तरुण इंजिनियर, आणि मागे भिंतीला टेकून उभी अशी बरीच. मावसांनी आधी पंधरा मिनिटं टाळी समजावून सांगितली. पोरांनी "दोनावर!" असं ओरडून सभागृह दणाणून सोडलं. मावसांचा चेहरा उजळलेला मला दिसला. मग त्यांनी सूर लावला, आणि तीनशे माणसांनी मनापासून, प्रेमाने, एकाच माणसाने वाजवावी तशी एकावर टाळी धरली.

मावसा थांबले. पुन्हा सुरू केलं. पुन्हा थांबले. तिसऱ्यांदा थांबले तेव्हा अध्यक्ष उठले. हे केळ्यांचे मोठे व्यापारी, स्वभावाने अत्यंत भले. प्रत्येक थांबणं म्हणजे एक गाणं संपलं अशी त्यांची समजूत झाली होती, आणि तीन गाणी त्यांना पुरेशी वाटली असावीत. त्यांनी मावसांच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. मावसा म्हणाले, "अजून झालं नाही."

"हा विनय पाहा!" अध्यक्ष सभेकडे वळून म्हणाले. "अशी माणसं आता राहिली नाहीत!"

"अहो, निम्मंच झालंय."

"वाहवा!" अध्यक्ष म्हणाले, आणि सभागृहात टाळ्यांचा असा कडकडाट झाला की त्यात मावसांचं पुढचं बोलणं कोणाला ऐकू आलं नाही. मला आलं, कारण मी पहिल्या रांगेत होते. ते म्हणत होते, "एकदा. फक्त एकदा शेवटपर्यंत." मग आभारप्रदर्शन झालं आणि चहा आला.

त्या दिवसानंतर मावसांनी सॅक्सोफोन बाहेर काढला नाही. लुगडं पांघरून तो निजून राहिला. वाचनालयातली नोंदवही शांत झाली. 'शांतता राखा' ही पाटी प्रथमच खरी ठरली. मला तेव्हा वाईट वाटलं असं सांगितलं तर ते खोटं होईल. बरं वाटलं. रविवारची सकाळ मोकळी मिळाली होती. वाईट वाटायला वयाची थोडी आणखी वर्षं लागतात. महिन्याभराने त्यांचा गाल सुजला, आणि आता खोटं बोलून भागणार नव्हतं. डॉक्टरने दात काढायला सोमवार दिला.

आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, मावशीने मला वर बोलावलं. "ह्यांच्याजवळ बस जरा. उद्याचं मनावर घेतलंय." मी गेले तर मावसा सॅक्सोफोन मांडीवर घेऊन बसलेले. तोंडात पट्टी होती. मला पाहून ते काहीतरी बोलले. मावशीने सांगितलं, "म्हणतात, एकटीच आलीस?" मी हो म्हणाले. ह्या वेळी मावशीने भाषांतर चोख केलं होतं, हे मला त्यांच्या डोळ्यांवरून कळलं. खोलीची भट्टी झाली होती. सुजलेल्या गालाने मावसांना धड श्वास घेता येईना, कपाळावरून घाम गळत होता. मावशी तडक उठली आणि पश्चिमेच्या खिडकीतले बोळे ओढून काढून तिने दोन्ही फळ्या उघडल्या. "मरू दे ती खटखट," ती म्हणाली, "हवा तर येईल."

हवा आली आणि खटखटही आली. खाली चार माग चालू होते, प्रत्येकाचा आपला वेगळा ताल, बाजाराच्या दिवशी चार बाया एकदम बोलाव्यात तसा. मावसांनी कपाळाला आठ्या घालून सूर लावला. दुखत असावं, कारण सूर बारीक निघाला. दोनचार ओळी झाल्या असतील नसतील, खालची खटखट हळूहळू गोळा झाली. आधी दोन माग एक झाले, मग तिसरा, मग चौथा. दबका थप्, मग कोरडा खट्टाक. थप्, खट्टाक. मावसांचे डोळे उघडले. ते थांबले. खालचे चारही माग थांबले, आणि बोळातून एक तरणा आवाज आला, "ले! फिर टूटा!"

मावसा उठले. सॅक्सोफोन गळ्यात, पायात वहाणा नाहीत, मागच्या जिन्याने खाली. मी त्यांच्या मागे.

विणकराच्या घरात दाराशी उजेडाला चार माग होते आणि त्यांवर चार तरुण, रशीद आणि त्याचे तीन चुलतभाऊ. जमिनीत खणलेल्या खड्ड्यात पाय सोडून ते बसले होते. रशीद तुटलेला धागा जोडत होता. त्याने वर पाहिलं आणि मावसांना बघून चटकन उभा राहिला.

"माफ करना मास्टरजी, वो तार टूट गया तो मुँह से निकल गया."

"तुम लोग," मावसा म्हणाले, "ये कब से कर रहे हो?"

"क्या?"

"मेरे साथ."

"शुरू से," रशीद म्हणाला. "जब से आप आए. आप बजाते हैं तो हाथ अपने आप उसी पे चलता है. मगर आप बीच में रुक जाते हैं ना, तो हाथ अटक जाता है और तार टूटता है. इतवार को हमारा कपड़ा सबसे ख़राब निकलता है." मग थोडं घुटमळून त्याने विचारलं, "मास्टरजी, उसके आगे है क्या कुछ? तीन साल से आधा ही सुन रहे हैं."

मावसा दारातल्या बाजेवर बसले. मागावर आधी पायाखालची फळी दाबावी लागते, मग हात दोरी ओढतो, धोटा सुतामधून पलीकडे जातो आणि फणी आपटते. पाय एकावर. हात दोनावर. दिवसाला दहा तास, जन्मभर. बुऱ्हाणपुरात निम्म्या घरांतून हे चाललेलं होतं, आणि मावसांनी त्याच्यावर कापडाचे बोळे कोंबले होते.

"तुम्हाला खाली ऐकू येतं हे सांगायचं नाही का?" ते मराठीतच म्हणाले.

रशीदला मराठी समजत होतं. तो म्हणाला, "खिड़की तो आपने बंद रखी थी, मास्टरजी."

ह्यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच ते लागलं असावं. मावसांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. मग उठले, चार मागांच्या मधे उभे राहिले आणि म्हणाले, "चलो."

रशीदच्या आईने मला बाजेवर बसवलं. मावसांनी पायाने ताल दिला आणि चार जोडी पाय खड्ड्यात हलले. थप्, खट्टाक. थप्, खट्टाक. सूर लागला. पहिलं निम्मं, जे मला पाठ होतं, ते आलं आणि गेलं. मी हात मांडीवर दाबून धरले होते. वाजवायची भीती वाटत होती. निम्म्याच्या जागी, जिथे दर रविवारी वाद्य मांडीवर यायचं, तिथे मावसांनी श्वास घेतला आणि पुढे गेले. पुढचं निम्मं पहिल्यासारखं नव्हतं. ते खाली उतरत गेलं, रमतगमत, मधेच हसत, आणि मागांच्या खटक्यांना खेळवत गेलं. पडतंय पडतंय असं वाटत होतं आणि पडत नव्हतं. मावसांच्या हनुवटीवरून लाळ आणि थोडं रक्त ओघळत होतं आणि त्यांना ते कळत नव्हतं. आणि माझे हात, मी काहीही न करता, खट्टाकबरोबर पडायला लागले. दोनावर.

चाल संपली. एक लांब सूर, आणि तो विरला. माग चालूच राहिले. संपलं हे कोणाला कळलंच नाही, कारण तिचा शेवट आमच्यापैकी कोणी कधी ऐकलाच नव्हता. मावसा तसेच उभे राहिले. ते वाट पाहत होते. मला ते दिसत होतं आणि कशाची वाट पाहताहेत हे समजत नव्हतं. रशीदने हात न थांबवता विचारलं, "फिर?"

"बस," मावसा म्हणाले. "इतनीच थी."

आणि मग ते माझ्याकडे वळले, रक्ताळलेल्या दातांनी हसले आणि म्हणाले, "टाळ्या वाजवा की आता. कशाही वाजवा."

सोमवारी दोन्ही दात गेले. खोटे दात बसवले, पण त्यांवर वाद्य टेकेना, आणि सॅक्सोफोन कायमचा लुगड्यात निजला. मावसांना मी नंतर कधी कष्टी पाहिलं नाही. पश्चिमेची खिडकी उघडी राहिली. रविवारी सकाळी ते तिथे खुर्ची टाकून बसत, आणि खाली रशीद विणताविणता ती चाल शिटीवर म्हणे. कधी सवयीने तो निम्म्यावर थांबे. मग मावसा खिडकीतून वाकून ओरडत, "आगे!" आणि बोळातून पुढचं निम्मं वर येई. पुढे त्या घरात विजेवरचे माग आले. त्यांना पाय लागत नाहीत. ते एकदोन असं काही म्हणतच नाहीत, नुसते धडधडतात. मावसांनी त्यांच्याबद्दल तक्रार केली नाही. खिडकीही लावली नाही. तिथे बसत राहिले, मांडीवर बोटं वाजवत, गेले त्या वर्षापर्यंत.

माझं लग्न होऊन मी जळगावला आले. सासरच्या पहिल्या गणपतीत आरती सुरू झाली आणि माझे हात थांबले, एक गेला, आणि दोनावर पडले. सगळं घर एकावर आणि मी एकटी दोनावर. सासूबाईंनी दोनदा वळून पाहिलं. रात्री जावेने प्रेमाने सांगितलं, की नव्या सुनेला तालाचं अंग नाही असं त्या म्हणत होत्या, पण मनावर घेऊ नकोस. मी खुलासा केला नाही. कुठून सुरुवात करणार? दुसऱ्या दिवशी मीही सगळ्यांबरोबर एकावर टाळी धरली. पहिल्या कडव्याला मी उगीचच थोडी वाट पाहिली. कोणी आरती थांबवून "पुन्हा" म्हटलं नाही.